दीक्षाभूमीवर ऐकलेली कव्वाली

नागपूरला गेलेला मुसलमान पाहुणा आधी ताजबागची वाट धरतो. उमरेड रोडवर हजरत बाबा ताजुद्दीन (र. अ.) यांची दर्गाह आहे. कामठीत जन्मलेल्या बाबांचा इंतकाल १९२५ साली झाला. त्यांच्या उर्सला चादरी येतात, कव्वालीची मैफल बसते. आम्हीही फातिहा पढलो. पण या फेरीत कव्वाली कानावर पडली ती दीक्षाभूमीवर.

दसऱ्याचे दिवस होते. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला ती ही जागा. स्तूपाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुस्तकांचे, बुद्धमूर्तींचे, गाण्यांचे स्टॉल. एका कर्ण्यातून हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्या ऐकू आल्या. आधी ठेका न धरता एक शेर, मग मुखडा, मग मागच्यांनी तो उचलून धरला. सगळी घडण कव्वालीची, शब्द मराठी आणि नाव भीमरावांचे.

"ही तर आपली चीज, इथं कशी?" आमच्यापैकी एकीने विचारले. स्टॉलवाले काका हसले. "ताई, आमचे प्रल्हाद शिंदे तुमच्याच इस्माईल आझादांच्या पार्टीत कोरसला होते की!"

इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीमुळे घरोघरी पोहोचलेले कव्वाल. मंगळवेढ्याकडच्या गरीब दलित घरातले प्रल्हाद शिंदे त्यांच्या मागे बसून टाळ्या देत, मुखडा उचलत शिकले. मोठ्या संगीत शाळेचा दरवाजा कुणी उघडला असता की नाही कोण जाणे. कव्वालाच्या तख्तावर जात विचारली गेली नाही, गळा विचारला गेला. पुढे विठ्ठलाची गाणी, भीमगीते, कव्वाल्या सगळे त्यांनी गायले. २००४ साली ते गेले, पण मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श यांच्यामुळे गाणे घरातच राहिले.

नागपूरचे स्वतःचे कव्वालही होते. नागोराव पाटणकर हे नाव विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत आजही आदराने घेतात. अशा गायन पार्ट्यांना मोठे केले ते वस्तीने. भीमजयंतीला वर्गणी काढून मांडव घालायचा, कधी दोन पार्ट्यांचा मुकाबला लावायचा, सवालाला गाण्यातच जवाब. पसंत पडले की श्रोता उठून नोट देतो आणि माईकवरून त्याचे नाव पुकारले जाते. दिवसभर राबलेल्या माणसाचे नाव हजारोंसमोर घेतले जाते, ही काय लहान गोष्ट आहे? मग कॅसेट आली आणि जत्रेतून गाणे गावोगाव गेले. आता मुंबईचा ‘धम्म विंग्ज’ हा रॉक बँड तोच आशय गिटार आणि ड्रमवर गातो. पोरांना आवडतो. आम्हाला विचाराल तर ढोलकच बरा.

गाणेबजावणे जायज की नाही यावर आपल्या घरांत मतभेद आहेत, ते इथे सोडवायचे नाहीत. पण आपल्या खानकाहीतली ही चीज शेजारच्या वस्तीने साठ-सत्तर वर्षे जपली, तिच्यात आपले दुःख आणि आपला मान भरला, आणि आम्हाला शिक्षक असून त्याचा पत्ता नव्हता! मोमिनपुऱ्यात आमच्या यजमानांना हे सांगितले, तर घरातल्या आजी म्हणाल्या, "बेटा, त्यांच्या मांडवाला आमच्या गल्लीतून ढोलकवाला जायचा."

त्या ढोलकवाल्याचे नाव मात्र त्यांना आठवेना. शेजारणीला विचारून कळवते म्हणाल्या.