एक डोंगर, तीन उतार

काश्मीरहून आलेला माणूस ‘गुलमर्गला बर्फ पाहिला’ एवढंच सांगतो. आम्हीही तेच सांगितलं असतं. पण चार दिवस राहिल्यावर उमगलं, की तिथं डोंगर एकच असला तरी उतार निरनिराळे आहेत, आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईकही वेगळे.

गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. इथला उतार सौम्य. नवशिके इथंच पडतात, उठतात. आमच्यासारख्या धास्तावलेल्यांना स्लेजवर बसवून तिथली माणसं दोरीनं ओढतात. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो सूचिपर्णी झाडांवरून कोंगडोरीला नेतो. तिथून खालचे उतार सराव झालेल्यांसाठी. २००५ सालचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत चढतो. तिथं झाड नाही. रुंद घळी, भुसभुशीत खोल बर्फ आणि हिमस्खलनाची धास्ती. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू असेच दगावले. जाणकार वाटाड्याशिवाय तिथं जाऊ नये.

आणखी एक वाट जंगलातून बाबा रेशींच्या दर्ग्याकडे उतरते. पंधराव्या शतकातल्या सूफींच्या गावाशी परदेशी स्कीपटू येऊन थांबतात, याचं आम्हांला अप्रूप वाटलं.

पण बर्फ रुसला की आधी उघडं पडतं ते खालचं मैदान. जानेवारी २०२४मध्ये ते कितीतरी दिवस कोरडंच होतं. २०२५मध्ये बर्फाअभावी ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. उंचावरच्या घळींत थोडाफार बर्फ टिकतो, तिथं पैसेवाला पाहुणा पोचतोही. खाली मात्र स्लेजवाला, बूट भाड्यानं देणारा आणि शिकणारी पोरं रिकाम्या हातानं बसतात. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच भागातला. उद्याचा आरिफही सौम्य उतारावरच पहिल्यांदा उभा राहणार ना?

आमची स्लेज ओढणाऱ्या चाचांना आम्ही बर्फाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “जनाब, यही हमारी फसल है.”

आम्ही कोकणातली माणसं. मृग कोरडा गेला की घराघरात काय होतं, हे आम्हांला कुणी समजावून सांगावं लागत नाही.