कातळ, गोणपाट आणि चार चाकं

७ जुलै २०२४, रविवार

दगड चढणाऱ्या छोट्या रिमोटच्या गाडीची, म्हणजे क्रॉलरची, मोटर ठरली. एन२० जातीची, पोटातच गिअरबॉक्स असलेली, रुंदी १२ मिमी आणि जाडी १० मिमी. पुण्याच्या तापकीर गल्लीत ती निरनिराळ्या वेगांत मिळते. दुकानदाराने सवयीने सगळ्यात जोरात फिरणारी पुढे केली, मी हळू फिरणाऱ्यांतली मागितली. क्रॉलरला पळायचं नसतंच, दगडावरून रांगायचं असतं. माझ्या जोडणीत चाक मिनिटाला ६० फेरे घेईल. चाकाचा व्यास ५५ मिमी, म्हणजे रिमोटचा ट्रिगर पूर्ण ओढला तरी सेकंदाला १७ सेंमी. एक वीतसुद्धा नाही! पण गिअरने वेग उतरवला की जोर चढतो, आणि या खेळात सगळी भिस्त जोरावर.

ॲक्सल मात्र तयार घेतले. एक चोविसांश मापाच्या गाड्यांत ॲक्सिअल कंपनीच्या एससीएक्स२४चं माप रूढ झालंय, त्यामुळे त्या मापाचे सुटे भाग सहज मिळतात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही तिचंच धरलं, साधारण १३४ मिमी. सांगाडा ॲल्युमिनियमच्या तीन मिमी पट्टीचा, घरीच कापून.

रस्त्यावरच्या मोटारीत डिफरन्शिअल असतो, वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून. दगडावर तोच नडतो. एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडे वळते आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. म्हणून क्रॉलरचे दोन्ही ॲक्सल कुलूपबंद, डावं-उजवं चाक कायम बरोबर फिरणार. वळताना टायर घासतात आणि गाडी जास्त जागा घेते. हा तोटा मला मान्य आहे.

११ जुलै, गुरुवार

संध्याकाळी वायरिंग. रिसीव्हर, वेग सांभाळणारी ईएससी, स्टिअरिंगचा सर्वो, सगळ्यांना डाग देऊन झाले. सर्वो धातूच्या गिअरचा घेतला. नऊ ग्रॅमवाल्या साध्या सर्वोचे प्लास्टिकचे दाते चाक दगडात अडकून झटका बसला की मोडतात. चार-पाच ग्रॅम जास्त गेले, पण ते पुढच्या ॲक्सलवर बसले, आणि पुढचं वजन मला हवंच आहे.

१४ जुलै, रविवार

आज भाचा दुपारभर होता. शॉक बसवले आणि चारही कोपरे हाताने दाबून पाहिले. एक चाक चहाच्या कपावर चढवलं तरी बाकीची तीन जमिनीला टेकलेली राहायला हवीत. राहिली.

मग त्याने गाडी हातात धरून ट्रिगर ओढला आणि म्हणाला, "मावशी, ही वाकडी होतेय बघ." खरंच, सांगाडा एका बाजूला कलत होता. मोटर शाफ्टला एका दिशेने पिळते, तेव्हा तेवढाच उलटा पीळ सांगाड्यावर येतो. सपाट जमिनीवर तो जाणवत नाही. चढावर एका बाजूचं वजन आधीच कमी झालेलं असतं, तिथे मात्र हाच पीळ गाडी उलथवतो. कलतो त्या बाजूची स्प्रिंग थोडी कडक घातली, कल बराच कमी झाला. पोराच्या नजरेला हे आपणहून दिसलं, याचा मला फार आनंद झाला. अशा गोष्टी सांगून शिकवता येत नाहीत.

२० जुलै, शनिवार

बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा गाडीसाठी डोंगरवाट घरातच करायची. मागची खोली रिकामी आहे. सहा फूट बाय तीन फूट प्लायवूड खाली टाकलं आणि बांधकाम सुरू केलं, दिवाळीच्या किल्ल्याच्या रीतीने. विटा आणि खोकी रचून उंची करायची, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, वरून भिजलेलं गोणपाट पांघरायचं. फरक एवढाच की किल्ल्यावर चिकणमातीचा लेप असतो आणि अळीव पेरतात. इथे सिमेंट आणि चाळलेली वाळू समसमान घेऊन, कढीइतकं पातळ कालवून, गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून अंथरले. वाळू हवीच. नुसत्या सिमेंटचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, रबराला धरायला काही उरत नाही.

पेठेतल्या मुलांना हे हात उपजतच असावेत. भाच्याने बुरूज बांधावा तसा डावा उंचवटा चेपून उभा केला. मी त्याला थांबवलं फक्त एकदा, तो सगळ्या चढांना सारखा उतार द्यायला लागला तेव्हा. सह्याद्रीत तसं नसतं. आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेत. म्हणून उभा कातळ, मग सपाटी, मग पुन्हा उभा कातळ अशी त्यांची चढण. आमच्या वाटेतही तसंच हवं: खाली सुट्या खडीचा पट्टा, मग ३० अंशांचा उतार, मग कातळाची पायरी, वर अरुंद सपाटी आणि पलीकडे घसरण.

पायरीसाठी खरा काळा दगड बसवला. नवा बांध घालून उरलेल्या ढिगातून मागून आणलेला. एक कड ताजी फुटलेली, धारदार. दुसरी ऊन-पावसाने गोलसर झालेली. उंची ५० मिमी.

२५ जुलै, गुरुवार

रात्रीतून खडकवासला धरणाचं पाणी सोडलं. सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलंय, लोकांना होड्यांतून बाहेर काढतायत. शाळांना सुट्टी. तिकडच्या दोन मैत्रिणींना फोन केले, एकीचा तळमजला पूर्ण गेला. दुपारी तिच्यासाठी कपडे आणि डबा पोचवला.

वाटेचं सिमेंट अजून ओलसर आहे. ते बरंच आहे म्हणा. सिमेंट नुसतं वाळून पक्कं होत नाही, पाणी मुरलं की पक्कं होतं.

२८ जुलै, रविवार

वाट सुरू. खडी आणि तीस अंशांचा उतार गाडीने निवांत पार केला. पायरीवर अडली.

तिथे काय होतं ते आम्ही दोघांनी जमिनीवर पालथं पडून, गाल फरशीला लावून पाहिलं. पुढची चाकं उभ्या दगडाला टेकतात. पायरी चाकाच्या त्रिज्येच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे नुसतं ढकलून चाक वर जाणं शक्यच नाही. मागची चाकं गाडी पुढे रेटतात, त्या रेट्याने पुढचं रबर दगडावर दाबलं जातं, तिथे पकड निर्माण होते आणि पुढचं चाक स्वतःच्या जोरावर भिंत चढतं. दोन्ही ॲक्सल एकमेकांना उपयोगी पडतात ते असे. रबराचे दाते धारदार कडेत एकेक करून रुततात, सुटतात, पुन्हा रुततात. मग नाक वर जातं, वजन मागे सरकतं आणि गाडी पाठीवर पडते.

भाच्याने कानस आणली. "मावशी, दगडाचा हा कोपरा थोडा उतरवू या?"

"नाही रे. दगड आहे तसाच राहील. बदलायचं ते गाडीत."

तो हिरमुसला, पण मी ऐकलं नाही. वाट गाडीला सोयीची करत गेलं की गाडी कधी सुधारत नाही. आपल्या हातात बांधकाम आहे म्हणून आपणच अडचण घासून टाकायची, हे मला पटत नाही. घाटात गेल्यावर तिथला कातळ कोण घासून देणार आहे?

३ ऑगस्ट, शनिवार

बोहरी आळीत जाऊन पितळेची कांब आणली. शिशाचं वजन स्वस्त आणि जास्त भारी, पण ते विषारी, आणि ही गाडी मुलांच्या हातात असणार. लेथवाल्याने कांबेतून ३० ग्रॅमच्या दोन चकत्या काढून दिल्या. "ताई, एवढ्याशा गाडीला एवढं पितळ?" त्याने विचारलं. कारण सांगितल्यावर कडाही मऊ करून दिल्या.

चकत्या पुढच्या चाकांच्या आत बसवल्या. बॅटरी वरून काढून सांगाड्याच्या खाली, पुढच्या बाजूला आणली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची चाकं ठेवली आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. आधी ३६० ग्रॅमपैकी पुढे १७५ होते. आता ४२० पैकी २५०, म्हणजे जवळपास ६० टक्के. मग फळीवर गाडी आडवी उभी करून फळीची एक कड हळूहळू उचलली. आधी ३८ अंशांवर उलटायची, आता ४२ वर. चार अंश ऐकायला थोडे वाटतात. उताराच्या कडेवर तेच चार अंश गाडीला तोलून धरतात.

पायरी चढली. नाक वर गेलं, क्षणभर थबकली, पुढच्या चाकांनी वरची सपाटी पकडली आणि मागची चाकं तिने ओढून घेतली.

रात्री बॅटरीच्या दोन्ही सेलना ३.८ व्होल्टवर आणून ठेवलं. पूर्ण ४.२ वर भरून दिवसेंदिवस पडू दिल्या की या बॅटऱ्या फुगतात. चार्जिंग चालू असताना खोलीतून हलायचं नाही, हा नियम भाच्याकडून पाठ करून घेतला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर इमारतीतली मुलं आली. काड्यांची गेटं उभी केली. गाडी मागे घेतली की एक गुण, गेटला धक्का लागला की दहा, आणि ज्याचे गुण कमी तो पुढे.

सगळे पायरीवर सरळ जात होते. दुसऱ्या मजल्यावरची आठवीतली मुलगी बराच वेळ नुसती बघत बसली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने गाडी तिरपी घातली, दगडाच्या गोलसर कडेकडून. आधी एकच पुढचं चाक वर, तोवर बाकीची तीन खाली घट्ट. मग दुसरं. मधे एकदा मागे घेतली, तेवढा एक गुण. दगड बसवताना ती कड माझ्या डोळ्यांसमोर होती, पण वाट म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

भाच्याने लगेच वरचं गेट उपटून त्या कडेला रोवलं, म्हणजे आता प्रत्येकाला तिरपंच जावं लागेल. मुलगी म्हणाली, मागचा ॲक्सल सांगाड्याला जोडणाऱ्या लिंका लांब केल्या तर तिरप्या चढावर तोल आणखी राहील. भाचा म्हणाला, मग बूड पायरीच्या कडेवर टेकेल. दोघांचंही बरोबर आहे. पाच मिमी लांब लिंकांची एक जोडी कापून ठेवली आहे. रविवारी दोन्ही लावून पाहायच्या.