स्वयंपाकघराचे तीन नकाशे

घर बांधायला काढलं की सगळ्यांची मतं स्वयंपाकघराबद्दलच फुटतात, आणि त्यातली निम्मी माणसं तिथं पाणी प्यायलासुद्धा जात नाहीत. निपाणीला आम्ही घर बांधायचं ठरवलं तेव्हा तेच झालं. आमचं जुनं घर लांबडं, एकामागे एक खोल्या. सैपाकघर मधोमध; कौलांत बसवलेल्या एका काचेतून येईल तेवढाच उजेड. त्या खोलीत मी २८ वर्षं काढली. म्हणून मी एवढंच म्हटलं, बाकीच्या खोल्या तुम्ही ठरवा, सैपाकघराचं मी बघते.

इंजिनिअर मुलीनं तीन नकाशे आणले. एकात सैपाकघर दिवाणखान्याला लागून, भिंत नाही, दार नाही, मध्यभागी एक सुटा ओटा. दुसऱ्यात चिंचोळी खोली आणि समोरासमोर दोन ओटे. तिसऱ्यात दोन भिंतींना धरून काटकोनातला ओटा. मुलाला पहिला आवडला, कारण पुण्यात मित्राकडं तसाच आहे. यजमानांना दुसरा, कारण त्यात जागा वाचते.

दुसऱ्या नकाशाची ती मुलगीही बाजू घेत होती. शेगडी, सिंक आणि फ्रीज यांचा त्रिकोण जेवढा आटोपशीर, तेवढी पावलं कमी. तिनंच सांगितलं, १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी असं स्वयंपाकघर आखलं. सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, सगळं हाताशी. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायची. बाईची पावलं वाचावीत हा विचार मला मनापासून पटला. पण तो हिशेब एकट्या बाईचा आहे. आमच्या सैपाकघरात एकटी बाई नसते.

गावात संघ आला की आमच्याकडं चौका लागतो. पहाटेपासून सोवळ्याच्या कपड्यांत तीन-चार बायका. पाणी विहिरीचं, दुहेरी कापडातून गाळलेलं, आणि गाळण्यातली जिवाणी जपून परत त्याच विहिरीत सोडायची. पीठ मर्यादेतलं, पावसाळ्यात ३ दिवसांचं, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्या वेळी 'थांबा हं, आतून आणते' असं चालत नाही. साडेतीन फुटांच्या बोळात चार बायका गरम पातेली घेऊन एकमेकींना ओलांडणार कशा? आणि पहिल्या नकाशात तर दारच नाही. जिथं दार नाही तिथं सोवळं कुठून सुरू होतं ते पाहुण्याला सांगायचं कसं?

तुम्ही म्हणाल, चौका वर्षातून किती दिवस? चार-पाच दिवसांसाठी रोजचं घर कशाला अडवायचं? सूनबाई हेच म्हणाली. ती बँकेत आहे, घरी यायला साडेसात होतात. थंडीत आमच्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि त्याआधी जेवणं उरकून ओटा पुसून सैपाकघर बंद. दोन वर्षं ती पोर झाकलेलं ताट स्वतःच्या खोलीत नेऊन, दाराकडं पाठ करून जेवत होती. तिला कुणी काही बोललं नाही. पण आपल्या घरांतून न बोलणंही चांगलं ऐकू येतं. मला वाटायचं तिला उघडं सैपाकघर फॅशन म्हणून हवंय. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, दार नसलं की मी चोरून जेवतेय असं वाटणार नाही."

सासूबाईंचं वेगळंच. वय ८२. नकाशा उलटा धरून त्यांनी मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय गं?" सुटा ओटा, म्हटलं. "मग आमी बसायचं कुठं?" धान्य निवडणं, पापड लाटणं, शेवया, सगळं आमच्याकडं खाली बसून, चौघीजणी मिळून होतं. बायकांच्या गप्पाही त्या मोकळ्या जमिनीवरच होतात. तो ओटा नेमका तीच जागा खात होता.

तेव्हा तिसरा नकाशा धरला आणि त्यातही फेरफार केले. यजमानांचा हट्ट आग्नेयेचा, मी वायव्य मागितली. वास्तुवाल्यानं वायव्यही चालते म्हटल्यावर तो वाद एका चहापुरताच टिकला. मला पश्चिमेची खिडकी हवी होती. पाचला पोळ्या लाटताना ऊन कुठवर उतरलं ते दिसायला पाहिजे, घड्याळ त्यापुढं खोटं. उन्हाळ्यात दुपारी तापतं, ते खरं, म्हणून छज्जा दोन फूट जास्त काढला. मुख्य ओटा माझ्या उंचीला ३२ इंच. टोकाला तीन फूट कडाप्पा १८ इंचांवर, सासूबाई स्टुलावर बसून काम करतील असा. मध्ये ७ बाय ८ मोकळी जमीन, शहाबादी फरशीची. मागचं दार थेट विहिरीकडं. जेवणघराच्या बाजूला सरकतं दार; रोज उघडं, चौक्याला बंद.

आणि त्या दाराबाहेर, जेवणघरात, चार फुटांचा वेगळा ओटा. ३६ इंच उंच, कारण सूनबाई उंच आहे. एक शेगडी, छोटं सिंक, वर कपाट. रात्री तिनं तिथं गरम करावं आणि टेबलाशी, आमच्यात बसून जेवावं.

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. बराच वेळ त्या जपमाळेचे मणी ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा नेम माझ्यापाशी. तिचं तिनं बघावं. पण अंधारात तोंड लपवून जेवू नको म्हणावं, अन्न हाय ते."

मंदिरात दोघी-तिघींनी विचारलंच, "जैनाच्या घरात रात्रीची शेगडी?" मी हो म्हटलं. त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी हळूच नकाशा मागून नेला. तिची सून दवाखान्यात नर्स आहे.

गवंड्यानं बाहेरच्या सिंकच्या पाइपाचे वेगळे पैसे मागितले. यजमान कुरकुरले, मग दिले. त्या ओट्याला सूनबाईनं काळा ग्रॅनाइट निवडला. मला हिरवट हवा होता.