एकपारडी

तागडीला दोन पारडी असतात हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की ती पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं, हिचं अर्धं अंग कुठंतरी पडून हरवलंय. दांडी आहे, पात्याच्या धारेवर टेकलेली. एका टोकाला आमटीच्या वाटीहून लहान पारडं. दुसऱ्या टोकाला नुसता काटा. वजनं अशी वेगळी नाहीतच; ती दांडीवरच्या खाचांतून सरकतात. एक दहा-दहानं, एक एकेकानं, आणि सगळ्यांत धाकटं एकाच्या दहाव्या हिश्शानं.

हे एक म्हणजे एक ग्रेन. मुळात बार्लीचा दाणा. आता कागदावर 64.8 मिलिग्रॅम. आमच्या घरात सराफी होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे आजोबांच्या पेढीवर ऐकत मी वाढलो. गुंज म्हणजे दोन ग्रेनला जराशी कमी. त्या गुंजेचे ही बाई अठरा-एकोणीस तुकडे करते, आणि तेही सोन्यासाठी नाही. दारूसाठी! म्हणजे बंदुकीच्या.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, बॉयसी शहरात आम्ही राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये तिची माझी ओळख झाली. आजोबा सत्तरीचे, शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जाणारे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. रायफल थर्टी-ऑट-सिक्स, अमेरिकन सैन्यानं 1906 साली स्वीकारलेलं काडतूस, म्हणून नावात सहा. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते टाकत नाहीत. साफ करून, दाबून पुन्हा मापात आणतात, बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवतात, आत दारू ओततात आणि तोंडाशी नवी गोळी. तिथं हा राजरोस छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय कुणी हे केलं तर तुरुंगाची हवा.

तागडी हिरव्या रंगाची, आरसीबीएस कंपनीची. या भारदस्त अक्षरांमागे एक घुशीसारखा दिसणारा प्राणी लपलेला आहे. रॉक चक म्हणजे खडकांत राहणारा मार्मट. त्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवायचा साचा म्हणजे ‘रॉक चक बुलेट स्वेज’, आणि त्याची आद्याक्षरं म्हणजे कंपनी. मला हे कळल्यापासून तिच्याबद्दलची भीती निम्मी झाली.

स्वभाव मात्र सोवळ्यातल्या आजीचा. पंखा चालत नाही. हीटरची झुळूक चालत नाही. कुणी शिंकलं तर दांडी हलते आणि आजोबा शिंकणाऱ्याकडे बघतात. टेबल तसूभर कललं असेल तर पायातला स्क्रू फिरवून आधी तिचं शून्य जुळवून द्यायचं, मगच पुढचं बोलणं. हेलकावे मात्र ती फार खात नाही. दांडीच्या टोकाला तांब्याची पट्टी आहे, ती दोन चुंबकांमधून जाते आणि तिला आवरते. दोन-तीन झोके, की स्थिर. मध्यंतरी आजोबांना मुलानं वाढदिवसाला इलेक्ट्रॉनिक काटा दिला. तो हुशार होता, आकडा पटकन सांगायचा. पण जवळ मोबाइल ठेवला की त्याचा आकडा आपोआप सरकायला लागायचा. महिन्याभरात तो खोक्यात गेला आणि ही पुन्हा आपल्या फळीवर आली. हिला वीजही लागत नाही, कौतुकही.

तिच्याशिवाय हा उद्योग का होत नाही, ते मला उशिरा कळलं. दारू मापानं ओतणारं यंत्र आजोबांकडे आहे. पण ही दारू म्हणजे पूड नव्हे. बारीक कापलेल्या शेवयांसारखे तुकडे. माप त्यांना कधी दाबून भरतं, कधी पोकळ. म्हणून माप जरा कमीच ओततं, आणि उरलेलं एका आडव्या नळीतून, नळी बोटांनी फिरवत, दाण्यादाण्यानं पारड्यात पाडायचं. एकेक दाणा दोन-तीन शतांश ग्रेनचा. पारडं हळूच खाली येतं, काटा रेघेवर, की थांबायचं. मर्यादेपलीकडे भरलेलं काडतूस रायफलच फोडू शकतं, आणि नेम धरणाऱ्याचं तोंड तर तिला टेकूनच असतं. म्हणून आजोबा दर बैठकीआधी ठरीव वजनाची दोन कॅलिब्रेशनची वजनं ठेवून तिचीही परीक्षा घेतात. तिला त्याचा राग येत नाही. सराफाच्या काट्याला यायचा, असं मला उगीच वाटतं.

आता हिशेब. दारू पौंडानं विकत मिळते आणि तागडी ग्रेननं बोलते. मधला दुवा एकच आकडा, 7,000. एका पौंडात तेवढे ग्रेन. आजोबा हिशेबाला काडतुसामागे 50 ग्रेन धरतात. खरा आकडा छापील लोडिंग पुस्तकातून येतो आणि दारूच्या जातीबरोबर बदलतो. 7,000 भागिले 50, म्हणजे पौंडाच्या बाटलीमागे 140 काडतुसं. लहान .223 काडतुसाला पंचवीसच्या आसपास लागतात, तिथं बाटली 280 ला पुरते. मोठ्या मॅग्नम काडतुसांना सत्तर, तिथं शंभरात संपली. वर्षाकाठी आजोबा अडीचशे झाडतात, बहुतेक कागदी निशाणावर, एल्कवर जेमतेम दोन. अडीचशे गुणिले 50, साडेबारा हजार ग्रेन. पावणेदोन पौंडांच्या वर. म्हणून दोन बाटल्या, आणि त्याही एकाच लॉटच्या, कारण लॉट बदलला की दारूचा स्वभाव जरा बदलतो आणि मात्रा खालून पुन्हा चढवत न्यावी लागते. त्या चढवण्यात वीस-तीस काडतुसं जातात. उरलेले दीड हजार ग्रेन त्यासाठीच.

किमतीची वही वेगळी आहे, आणि ती तागडीइतकी कडक नाही. एका हिवाळ्याचं पान मी पाहिलं. दारूची बाटली 50 डॉलर, म्हणजे काडतुसामागे 36 सेंट. प्रायमर हजाराचे 80 डॉलर, म्हणजे 8 सेंट. गोळ्या शंभराच्या 45, म्हणजे 45 सेंट. पुंगळी डॉलरची, पण आठ वेळा वापरायची म्हणून 13. बेरीज एक डॉलर दोन सेंट. दुकानात वीसचं खोकं 50 डॉलरला, म्हणजे नगाला अडीच. दारू महागली म्हणून आजोबा अख्खा डिसेंबर कुरकुरत होते. मी भागाकार करून दाखवला: बाटली दहा डॉलरनं चढली तरी काडतुसामागे सातच सेंट! खरा खर्च गोळीचा आहे, तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. दारू घरपोच मागवली की धोकादायक मालाचं ठोक शुल्क लागतं, ते त्या वर्षी 30 डॉलर होतं. दोन बाटल्यांवर पसरलं तर काडतुसामागे अकरा सेंट, आठांवर पसरलं तर तीनसुद्धा नाही. म्हणून मग चार मित्रांची एकच ऑर्डर, अगदी आपल्या भिशीसारखी.

पुंगळी दाबायचा प्रेस, त्यातला डाय, तागडी, आणि रात्री अकरापर्यंतचे तास त्या वहीत कुठंच नाहीत. शेजारच्या आजी एकदा सरबत देताना म्हणाल्या, “काडतूस स्वस्त पडायला लागल्यापासून हे दुप्पट झाडतात.” आजोबा पारड्याकडे बघत राहिले. काटा हलत नव्हता.

मागच्या भारतवारीत आईनं मला माझ्या आजोबांच्या पेढीतला एक चांदीचा रुपया दिला, राणीछाप, 1901 चा. परत गेल्यावर तो घेऊन गॅरेजमध्ये गेलो. कंपनी सरकारनं 1833 साली तोळा 180 ग्रेनचा ठरवला होता आणि रुपयाचं वजनही तेवढंच, हे मी सांगितलं, तर शेजारचे आजोबा काही न बोलता कपाटाकडे गेले. एल्कसाठी ते जी गोळी वापरतात ती 180 ग्रेनचीच. सरकती वजनं 180 वर लावली. आधी गोळी. काटा रेघेवर.

मग रुपया. पारडं किंचित वर राहिलं. आजोबांनी सरकती वजनं जुळवत मागं आणली. 178 च्या जरा खाली काटा स्थिरावला.

“दोन ग्रेन गेले कुठं?” ते म्हणाले.

मी रुपया उचलून उजेडात धरला. राणीच्या चेहऱ्यावर आता नाकही नीट उरलेलं नव्हतं.