ताईत आणि ममी

कोसाडच्या आमच्या गल्लीत बहुतेक खानदेशी बिऱ्हाडे. दारोदारी लिंबू-मिरची, काळी बाहुली, घोड्याची नाल. पोरांच्या गळ्यात ताईत. जादूटोण्याचे संग्रहालय पाहावयास दूर कशास जावे, असे आम्ही विनोदाने म्हणत असू.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा तापाने फणफणला. भगताच्या अंगाऱ्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आम्हीच त्यास इस्पितळात नेले. मलेरिया निघाला. पोर थोडक्यात वाचले.

दिवाळीच्या सुटीत त्यास घेऊन आम्ही बडोद्यास सयाजीबागेतील संग्रहालय पाहावयास गेलो. सयाजीराव महाराजांनी बांधविलेली ही वास्तू १८९४ साली पूर्ण झाली. तेथे मिसर देशातील एक ममी आहे. परलोकी इजा होऊ नये म्हणून ते लोक मृताच्या पट्ट्यांत शेणकिड्याच्या आकाराचे ताईत ठेवीत, असे आम्ही सांगितले. मुलाने स्वतःच्या गळ्याला हात लावून विचारले, "सर, यांच्याही आईनेच बांधले असतील?"

आम्ही निरुत्तर झालो. २०२४ मध्ये गुजरातेत काळ्या जादूविरुद्ध कायदा झाला, तो योग्यच. परंतु ताईताच्या गाठीत आईची माया असते. ती कायद्याने सुटत नाही. परतल्यावर त्याच्या आईस आम्ही एवढेच म्हणालो, "ताईत राहू द्या, वहिनी; पण ताप आला की आधी डॉक्टर."