न पडलेल्या गारांचा सराव

बुलढाण्यात राहून वादळाचा माग काढायचा तर पहिला प्रश्न एकच: घाटावर की घाटाखाली? खाली उतरायचं तर राजूर घाटातून मोताळा-मलकापूर, नाहीतर बोथ्याच्या घाटातून खामगाव. वर राहायचं तर चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. एकदा घाट उतरलात की ती दुपार खालच्या तालुक्यांच्या नावावर लागली. साध्या गडगडाटी ढगाचं आयुष्य फार तर तासाभराचं, तो तुमच्यासाठी थांबत नाही. असे निर्णय वर्षातून मोजकेच दिवस घ्यावे लागतात, आणि मोजक्या दिवसांत कुणाचाच हात बसत नाही. म्हणून आम्ही घरी बसून जुने दिवस पुन्हा खेळतो.

ही युक्ती आमची नाही. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मनला सरकारी अंदाजकर्त्यांच्या प्रशिक्षणात जुन्या गडगडाटी वादळांची आणि टोर्नेडोंची रडारचित्रं मूळ वेगानेच पुन्हा चालवतात आणि इशारा कधी द्यायचा याचा सराव करून घेतात. तिथले हौशी पाठलागकर्तेही तारीख झाकून हाच खेळ खेळतात. आपल्याकडे त्यांच्यासारखा टोर्नेडो क्वचितच; 31 मार्च 2024 ला जलपायगुडीकडे आला तसा. बुलढाण्याच्या वाट्याला येते ती गारपीट, सोसाट्याचा वारा आणि वीज. पण डोक्याला लागणारी कसरत तीच.

दिवस निवडतो माझा पुतण्या. तारीख-वर्ष खोडून तो मला पहाटे साडेपाचचे दोन आलेख देतो, एक नागपूरच्या हवामान-बलूनचा, एक छत्रपती संभाजीनगरचा. आपला जिल्हा दोघांच्या मधे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचं वारं पश्चिमेचं, म्हणून ढग जालन्याकडून देऊळगाव राजा, सिंदखेड राजा करत लोणारकडे सरकतात. वरच्या हवेसाठी मी संभाजीनगरचा आलेख आधी बघतो. ओलावा मात्र बंगालच्या उपसागरावरून फिरून येतो, त्यासाठी नागपूरचा. शून्य अंशाची पातळी या दिवसांत चार-साडेचार किलोमीटरवर असते, पावसाळ्यात ती पाचाच्या वर जाते. खाली असली की गारेला वितळायला वाट कमी मिळते. आलेखात मधेच उबदार हवेचं झाकण दिसलं तर दुपारच्या उन्हाने ते फुटेल का, फुटलं तर किती वाजता, हे ठरवायचं.

मग वहीत लिहायचं: तालुका, वेळ, आणि निघायचं की थांबायचं. पेनानेच. लिहून होईपर्यंत इन्सॅट उपग्रहाचं पुढचं चित्र मिळत नाही. “काका, आधी लिहा, मंग दाखवतो,” एवढंच त्याचं पालुपद. चित्र बघितल्यावर माणूस ‘मला वाटलंच होतं’ म्हणतो. वही तसं म्हणू देत नाही.

नागपूरच्या रडारचं चित्रही तो कधी पुढे करतो, मोहात पाडायला. बुलढाणा तिथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे एवढ्या अंतरावर रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा साताठ किलोमीटर उंचीवरून जातो. म्हणजे दिसलाच तर ढगाचा माथा दिसणार, पोट नाही. पडदा कोरा दिसला म्हणून आभाळ कोरं आहे असं समजणारा या खेळात टिकत नाही.

सुरुवातीला पुतण्या फक्त गाजलेले दिवस आणायचा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, 11 फेब्रुवारी 2018. त्यात दोन अडचणी होत्या. असा दिवस ओळखू येतो, आणि मग आलेखाऐवजी आठवण उत्तर देते. दुसरी अडचण मोठी. प्रत्येक पानावर वादळ असेल तर ‘जा’ म्हणणारा दरवेळी बरोबर ठरतो. रोज लग्नाच्याच घरी जेवणाऱ्याला वाटावं की गावात पक्वान्नच शिजतं, तशी गत. तेव्हापासून आमच्या गठ्ठ्यात न झालेले दिवस जास्त आहेत: ओलावा होता, वरचं थंड वारं होतं, सकाळी अंगाची काहिली होत होती, आणि संध्याकाळी घाटाच्या कड्यावरून सातपुडा स्वच्छ दिसला. झाकण फुटलंच नाही. या दिवसांना कुणी नाव देत नाही, पेपरात ते येत नाहीत. पण घरी थांबायचं कधी हे शिकवतात तेच.

आमच्या जिल्ह्याला अंदाजाचं वेड जुनंच. भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातली मंडळी निरीक्षण करून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. घटात ठेवलेली चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. मला त्या मांडणीतली शिस्त आवडते: जागा ठरलेली, वेळ ठरलेली, भाकीत सगळ्यांसमोर. फक्त वर्षाअखेरीस तिथे कुणी वही उघडत नाही, आणि माझं सगळं घोडं त्या वहीवरच अडतं.

वहीत अलीकडे एक रकाना वाढलाय: ‘सांगायचं कुणाला’. सरकारी इशारा आम्ही गावच्या ग्रुपवर पुढे पाठवतो, स्वतःचा अंदाज इशारा म्हणून सोडत नाही. पण ओळखीचा माणूस फोन करून विचारतोच. हरभरा सोंगून सुडी लावलेल्याला शंका जराशी असली तरी ‘झाका’ म्हणावं. अंदाज चुकला तर ताडपत्री ओढण्याची मेहनत वाया जाईल, इतकंच. सोंगणी आज करू की चार दिवसांनी, असं विचारणाऱ्याचं तसं नाही. घाईने कापलेलं ओलं पीकही नुकसानच करतं, तिथे शंका पुरत नाही. एकाच आलेखावर दोन उत्तरं द्यावी लागतात, आणि दोन्ही आधीच लिहून ठेवावी लागतात.

देऊळगाव राजाकडच्या कांदा-बीजोत्पादकाला काय सांगायचं, यावर मात्र आमचं अजून जुळलेलं नाही. उघड्या शेतात फुललेले गोंडे झाकता येत नाहीत आणि कापूनही चालत नाही. पुतण्या म्हणतो, काही करता येत नसलं तरी त्याला कळायला हवं, निदान माणसं आणि जनावरं तरी तो आत घेईल. मी म्हणतो, विजेसाठी तेवढं सांगू. गारांचं सांगून त्याची एक रात्र का घालवायची? त्या रकान्यात सध्या दोघांची उत्तरं दोन शाईंत आहेत.