घरच्या टाकीतला हिरवा तारा

ऑफिअराक्ना इन्क्रासाटा हा हिरवा ब्रिटल स्टार, म्हणजे ठिसूळ बाहूंचा तारा, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत प्रवाळांच्या कपारींत राहतो. लामार्कने १८१६ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आज त्याची खरी ओळख आहे ती खाऱ्या पाण्याच्या टाक्या बाळगणाऱ्यांना. शेवाळी हिरवा रंग, बाहूंवर दोन्ही बाजूंनी पिवळसर काटे आणि एकूण काटक प्रकृती यांमुळे तो चटकन विकला जातो. दुकानात दिसतो तो बहुधा लहान असतो. पुढे त्याची मधली चकती ५ सेंटिमीटरच्या घरात जाते आणि एकेक बाहू तिच्या चार-पाच पट लांब होतो. एवढा मोठा शिकारी आपण घरात नेत आहोत, हे विकत घेणाऱ्याच्या सहसा ध्यानीमनी नसते.

ताऱ्याची पहिली कसोटी पिशवीतून टाकीत जाताना लागते. त्याच्या अंगातल्या द्रवाचा खारटपणा बाहेरच्या पाण्याइतकाच असतो आणि तो आवरून धरण्याची सोय या वर्गातल्या प्राण्यांकडे नाही. पाण्याच्या खारटपणात एकाएकी फरक पडला की बाहूंचे शेंडे गळू लागतात, कधी चार-पाच दिवसांत प्राणीच विरघळल्यासारखा होतो. म्हणून पिशवीतले पाणी ताऱ्यासकट एका भांड्यात ओततात आणि हवेच्या पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतले पाणी त्यात थेंबथेंब सोडतात. दोन तास तरी लागतात. नंतर त्याला पाण्यातल्या पाण्यातच, छोट्या वाटीत घेऊन हलवतात. बाहू धरून उचलला, तर बाहू हातात राहण्याची शक्यता मोठी.

टाकीचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास असावे लागते. मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत चिलरवाचून हे साधणे कठीण. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे उरते. तेव्हा रोजची तूट आरओ-डीआय यंत्रातून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याने भरून काढायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. आणखी एक पथ्य तांब्याचे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची औषधे गुणकारी आहेत, पण तारे, कोळंब्या, गोगलगायी यांना ती विषच. आजारी माशाचा इलाज वेगळ्या टाकीतच करावा लागतो.

ताऱ्याला मेंदू नाही; तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे असते आणि त्यातून प्रत्येक बाहूत एकेक दोर जातो. तोंड चकतीच्या खालच्या अंगाला, पाच जबड्यांचे. गुदद्वार नाहीच, त्यामुळे न पचलेले आल्या वाटेनेच बाहेर टाकले जाते. दिवसभर तो खडकाखाली चकती दडवून बसतो, एक-दोन बाहूंचे शेंडे तेवढे बाहेर लोंबत असतात. टाकीत अन्न पडले की त्या शेंड्यांना पाण्यातून वास लागतो आणि ते हवेत चाचपडल्यासारखे वळवळू लागतात.

त्याला भरवण्याची रीत सोपी आहे. बाजारातली कोळंबी, तिसऱ्या किंवा माकुल धुऊन, वाटाण्याएवढे तुकडे करून गोठवून ठेवतात. मीठ-हळद लावलेले चालत नाही. दिवे मालवल्यावर लांब चिमट्याने एक तुकडा बाहूच्या शेंड्याजवळ धरला की शेंडा त्याभोवती वेटोळे घालतो. मग घास दोन मार्गांनी तोंडाकडे जातो: बाहूखालचे बारीक नलिकापाद तो एकमेकांकडे सरकवत नेतात, नाहीतर अख्खा बाहूच मुडपून चकतीखाली घेतला जातो. मोठा घास असेल तर चकती फुगलेली वरूनही दिसते. आठवड्यातून दोन-तीनदा एवढे पुरते. अडचण होते ती शेजाऱ्यांची. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर कोळंबी, म्हणजे लिस्माटा अॅम्बोइनेन्सिस, इतकी धीट की ताऱ्याच्या तोंडचा घास ओढून पळते. तिला आधी खाऊ घालावे, मग ताऱ्याकडे वळावे.

पोट भरलेला हिरवा तारा बराचसा निरुपद्रवी राहतो, उपाशी ठेवलेला राहत नाही. जीवशास्त्रज्ञ जेम्स मोरिन यांनी १९८८ साली त्याच्या मासेमारीचे वर्णन केले आणि टाकीवाल्यांनी तेच घरोघरी पाहिले आहे. रात्री तो बाहूंच्या टोकांवर उभा राहून चकती वर उचलतो. खाली अंधारी, कमानदार जागा तयार होते. झोपायला आडोसा शोधणारा लहान मासा तिच्यात शिरला की चकती खाली येते, पाचही बाहू एकाच दिशेने पीळ घालतात आणि मासा आत कोंडला जातो. हे इतके झटपट होते की सकाळी मोजणीत गोबी एक कमी भरते आणि संशय बिचाऱ्या खेकड्यावर जातो. नियमित खाऊ घातल्याने धोका कमी होतो, संपत नाही. तारा मोठा झाला की त्याला मोठ्या माशांच्या टाकीत हलवणे हाच शहाणपणा. लहान मासे ठेवायचे असतील त्याने मुळातच गुळगुळीत बाहूंचा, मंद स्वभावाचा ऑफिओलेपिस सुपर्बा घ्यावा.

बाहू तुटणे हा या प्राण्याच्या आयुष्यातला नेहमीचा प्रसंग आहे. संकटात तो सांध्यातले ऊतक मऊ करून बाहू आपणहून सोडतो. त्या जागी आधी फिकट, दोऱ्यासारखा कोंब येतो आणि काही महिन्यांत भरतो. चकती शाबूत आणि खाणे चालू असेल, तर काळजीचे कारण नसते. सगळ्याच बाहूंचे शेंडे एकदम झडू लागले, तर मात्र आधी पाण्याचा खारटपणा तपासावा.

टाकीसाठी आणलेल्या खडकांबरोबर न बोलावता येणारे तारेही असतात. अॅम्फिफोलिस स्क्वामाटाची चकती जेमतेम काही मिलिमीटरची. ती पिल्ले अंगातच वाढवते, त्यामुळे टाकीत तिची प्रजा सहज होते. सहा बाहूंचा ऑफिअ‍ॅक्टिस तर मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. दोघेही गाळ आणि उरलेसुरले खातात आणि कुणाला त्रास देत नाहीत. हिरव्या ताऱ्याची प्रजा मात्र टाकीत होत नाही. त्याच्या तरंगत्या अळ्या पंप आणि गाळण्यांतून टिकत नाहीत. आडोशाच्या खडकांबाबत एक सावधगिरी: भारतात २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा ताऱ्याला आडोसा म्हणून आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे गुन्हा ठरतो.

इतर शेजाऱ्यांची भूक वेगवेगळी. टर्बो गोगलगाईला शेवाळ हवे, संन्यासी खेकड्याला वाढत्या मापाचे रिकामे शंख हवेत, नाहीतर तो जिवंत गोगलगाईला मारून तिचे घर घेतो. निळा लिंकिया तारामीन दिसायला देखणा, पण खडकावरचा पातळ थर खाऊन जगणारा. नव्या टाकीत तो महिनोन्‌महिने हळूहळू उपाशी मरतो आणि शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. तो न घेतलेलाच बरा.

हिरवा तारा मेला की लगेच काढावा लागतो. मरणारा तारा बहुधा कपारीतून बाहेर येऊन उघड्या वाळूवर पडतो, बाहू सैल होतात, चकती खचते आणि पांढरट बुरशीसारखा थर दिसू लागतो. शरीर कुजू लागताच पाण्यात अमोनिया चढतो. मेलेला तारा काढून अमोनिया मोजतात, पाण्याचा पाचवा भाग बदलतात, गाळणीत नवा कोळसा घालतात आणि दोन दिवस इतरांचे खाणे निम्म्यावर आणतात.